बाबांची बोली

मँचेस्टर, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर बाबांना अर्धंअधिक ऐकू येत नाही, मग ते "बरं बरं" म्हणत फोन आईच्या हातात देतात. हे त्यांना सावकाश वाचता यावं.

काल स्टायलला जाऊन आले. इथल्या विमानतळाजवळ, बोलिन नदीच्या काठी, सॅम्युएल ग्रेगने १७८४ साली काढलेली क्वारी बँक ही कापड गिरणी आहे. अनाथ मुलांना राबवून घेणारी. त्यांना ठेवायचं ते घरही अजून उभं आहे. आता तिथे संग्रहालय आहे, पण जुने साचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं, चालवून दाखवतात. तिथल्या बाईंनी साचा सुरू केला. एकच साचा, बाबा! आडवं सूत नेणारा धोटा या टोकाहून त्या टोकाला आदळत होता, पायाखालची जमीन थरथरत होती. मी शेजारच्या मैत्रिणीशी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं नाही. तुमच्या गिरणीच्या साळखात्यात, विणकामाच्या खात्यात, असे शेकडो साचे चालायचे, तेही पाळीभर.

साचा थांबल्यावर बाईंनी सांगितलं, की लँकेशायरच्या विणकर बाया ओठ मोठे हलवून आणि हातवारे करून एकमेकींशी बोलायच्या. त्या बोलीला इथे 'मी-मॉ' म्हणतात. घरी गेल्यावरही बोलायची तीच सवय राहायची. हे ऐकलं आणि मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले. चाळीत माझ्या मैत्रिणी आल्या की तुम्ही तोंड ताणून, हात उडवत बोलायचात आणि मला लाज वाटायची. कॉलेजात असताना एकदा म्हणालेसुद्धा, "बाबा, जरा नीट बोला ना." तुम्ही गप्प झालात, उठून गॅलरीत गेलात. बाबा, माझं चुकलं. मला माफ करा.

धोटा हातात घेऊन पाहिला. गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, बाजूला बारीक भोक. धोट्यातली सुताची कांडी बदलली की भोकाला ओठ लावून सूत ओढायचं, ही रीत इथेही होती. आपल्याकडे याच उष्ट्या धाग्याचं निमित्त करून दलितांना साळखात्यात घेत नसत आणि १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. धोटा परत ठेवताना तेच मनात होतं.

इथला कापूस-सुताचा बाजार १९६८ साली कायमचा उठला. त्या इमारतीत आता नाटकं होतात, पण फळ्यावर शेवटच्या दिवसाचे भाव तसेच ठेवलेत.

तिथून जवळच अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. त्याच्यापुढे मी बराच वेळ उभी होते. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि लँकेशायरच्या घराघरात उपासमार आली. त्याच काळात आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव मिळाला, मुंबईचे व्यापारी गब्बर झाले आणि १८६५ ला युद्ध संपताच त्यातले कितीतरी बुडाले. पण इथले कामगार पोट खपाटीला गेलेलं असताना ३१ डिसेंबर १८६२ ला सभेला जमले आणि त्यांनी लिंकनला पत्र धाडलं: गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्या बाजूने आहोत. लिंकनने जानेवारीत उत्तर पाठवलं. त्यातला मजकूर चौथऱ्यावर कोरलाय.

वाचताना आपलं घर आठवलं. १८ जानेवारी १९८२ नंतरचं. मुंबईचे अडीच लाख गिरणी कामगार संपावर, आईच्या पाटल्या गहाण, मग तिने डबे करायला घेतले. रात्री दोन वाजता स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा. बाबा, त्या दिवसांबद्दल तुम्ही घरात कधीच काही बोलला नाहीत. आणि मीही विचारलं नाही. आता विचारते आहे.

आई, येत्या रविवारी बाबांना खिडकीकडे तोंड करून बसव आणि मोबाइल डब्याला टेकवून समोर ठेव, चेहरा नीट दिसेल असा. व्हिडिओ कॉल करते. मी ओठ मोठे हलवून बोलेन. बाबा, तुम्हीही साळखात्यात बोलायचात तसंच बोला.

तुमची,
बेबी