पाच तासांचं पोस्ट: केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. आमच्या गावाच्या सात वाड्या सात उतारांवर पसरल्या आहेत आणि सगळ्यांना मिळून एकच शाखा डाकघर आहे. ते एका घराच्या पडवीत चालतं. त्या घराशी माझं नातं नाही आणि तिथे काम करणाऱ्यांनी मला हे पत्र लिहायला सांगितलेलंही नाही. आपल्या घराण्याचं मूळ गाव साताऱ्याकडचं कण्हेरखेड, म्हणून मराठीतच लिहिते.

टपालाचं मोल आपल्या घराण्याला मी सांगावं असं नाही. ज्या पानिपतावर महादजी शिंदे जायबंदी झाले, त्या लढाईची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकाराच्या काशिदाकडे सापडलेल्या पत्रातून, असं इतिहासात वाचतो. त्या काळी दरबाराचे जासूद होते, सांडणीस्वार होते, सावकारांचे काशीद होते. पण पानिपतावर ज्यांची माणसं राहिली, त्या गावोगावच्या बायकांना निरोप कुणी आणला असेल? त्यांच्यासाठी टपालच नव्हतं. पुढे ग्वाल्हेर संस्थानाने १८८५ पासून हिंदुस्थानच्या तिकिटांवर देवनागरीत ‘ग्वालियर’ छापून आपलं टपाल चालवलं, तोवर काळ बराच पालटला होता. तो पालटला १८५४ साली. त्या वर्षीच्या कायद्याने अंतराचा हिशेब पुसला. हलक्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की हजार मैल दूर. १८७९ साली पाव आण्याचं कार्ड निघालं, १८८० साली मनिऑर्डर आली आणि १८८२ साली पोस्टाची बचत बँक.

आमच्या कोकणाला या सगळ्यांत मनिऑर्डर जवळची. घरटी एक तरी माणूस मुंबईला, बहुतेक गिरणीत. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. महिन्याच्या दहा-बारा तारखेला आजी सकाळपासून पाखाडीकडे, म्हणजे घराकडे चढणाऱ्या दगडी वाटेकडे, डोळे लावून बसायची. पोस्टमन यायचा, पडवीत टेकायचा, गुळाचा खडा आणि पाणी घ्यायचा, मग पैसे मोजून द्यायचा. आजी अंगठा उठवायची. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर वडिलांनी दोन ओळी लिहिलेल्या असत, त्या तोच वाचून दाखवायचा. तो तुकडा आजी तारेला टोचून ठेवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठला तुकडा कुठल्या महिन्याचा हे ती तारेवरून बरोबर सांगायची.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्यासारख्या हजारो घरांच्या मनिऑर्डरी आधी आटल्या, मग थांबल्या. मी तेव्हा डी.एड. करून नोकरीच्या शोधात घरी होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मनिऑर्डर नसली तरी पोस्टमन यायचा. “आज काय नाय गो आये,” एवढंच सांगायला दोन पाखाड्या चढून यायचा. म्हातारी वाट बघत राहू नये म्हणून. मग तिच्या वतीने मुंबईला एक कार्ड लिहायचा आणि पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडून पुढच्या वाडीला जायचा.

ते दोन पाखाड्यांचं चढणं कुठल्याच नोंदवहीत गेलं नसणार. माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

तो माणूस खात्याचा नोकर नव्हता. ‘एक्स्ट्रा डिपार्टमेंटल’ म्हणजे खात्याबाहेरचा होता. इंग्रजांना खेड्यांत पोस्टं उघडायची होती, पण पगारी माणसं नेमायची नव्हती. मग गावातल्या शाळामास्तराला, दुकानदाराला थोडा मोबदला देऊन हे काम सोपवलं. घर त्याचं, पोट भरायची सोय त्याची आणि शिक्का सरकारचा. स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ पोस्टं होती, आज दीड लाखाच्या वर आहेत आणि त्यांतली दहात नऊ खेड्यांत. स्वतंत्र भारताने केलेलं हे फार मोठं काम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण हा सगळा विस्तार त्याच जुन्या युक्तीवर उभा राहिला. १९६४ साली या लोकांसाठी नियम झाले. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्यांचं पद हे सरकारी पद आहे, मनात आलं म्हणून त्यांना काढता येणार नाही. २००१ साली नवे नियम आले आणि ‘खात्याबाहेरचे’ हा शब्द जाऊन ‘ग्रामीण डाकसेवक’ हे नाव मिळालं. नाव खरंच चांगलं आहे.

मुंबईला गेले की मी बोरीबंदरच्या जीपीओसमोर थोडी थांबते. १९१३ साली पुरी झालेली ती इमारत, विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा तिचा घुमट. खात्याचं वैभव तिथे दिसतं. आमच्याकडे तेच खातं कुणाच्या तरी पडवीत आहे, कारण शाखा डाकघरासाठी जागा डाकपालाने, म्हणजे ते पोस्ट सांभाळणाऱ्या डाकसेवकानेच, बघायची असा नियम आहे. त्यासाठी थोडाफार भत्ता मिळतो. जागा गेली की पोस्टाचं बिऱ्हाड हलतं.

आता एक गोष्ट सांगते जी आमच्या गावात फारशी कुणाला ठाऊक नाही. नवं शाखा डाकघर उघडायचं तर आपल्या खात्याचे निकष आहेत. साध्या भागात ३,००० लोकवस्ती हवी, डोंगराळ आणि आदिवासी भागात ५०० पुरते. जवळच्या पोस्टापासून अंतर ३ किलोमीटर हवं. आणि उत्पन्न? साध्या भागात खर्चाच्या ३३⅓ टक्के, डोंगराळ भागात फक्त १५ टक्के. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं. डोंगरातल्या पोस्टाने शंभर रुपये खर्चावर पंधरा मिळवले तरी चालेल, बाकीचे पंच्याऐंशी देश सोसेल, असं कुणीतरी विचार करून, कागदावर लिहून ठेवलं आहे. १८५४ चा अर्धा आणा आणि हे पंधरा टक्के एकाच जातीचे. दूर राहणाऱ्याला दूर राहण्याचा दंड नको, हाच दोन्हींचा अर्थ.

म्हणूनच कुणी ‘तोट्यातली पोस्टं’ म्हणालं की मी तिथल्या तिथे अडवते. तोटा कबूल करूनच ती उघडली आहेत. प्रश्न फक्त तो तोटा कुणाच्या खिशातून जातो एवढाच आहे. सरकारने सोसायचा असं ठरलं होतं. आमच्या गावात त्याचा बराचसा वाटा डाकसेवक सोसतो आहे.

कसा, ते सांगते. डाकसेवकाचं काम तासांवर मोजतात, चार किंवा पाच. पाचाच्या वर काम आहे असं कागदावर धरलंच जात नाही. मे २०१८ मध्ये देशभरचे डाकसेवक बेमुदत संपावर गेले, आमची पडवी दोन आठवडे बंद होती. ६ जूनला मंत्रिमंडळाने नवा मोबदला मंजूर केला: शाखा डाकपालाला चार तासांचे १२,००० आणि पाच तासांचे १४,५०० रुपये, सहायकाला आणि डाकसेवकाला १०,००० आणि १२,०००. वर महागाई भत्ता. आधीपेक्षा ही वाढ खरी होती, ती नाकारत नाही. पण नोकरी पासष्टाव्या वर्षापर्यंत आणि त्यानंतर खात्याच्या पोस्टमनसारखं निवृत्तिवेतन नाही.

आणि त्या पाच तासांत आता काय काय बसवलं आहे पाहा. टपालाची थैली घ्यायची, फोडायची, शिक्के मारायचे, वाटपाला निघायचं, हे पूर्वीपासूनचं. १९९५ पासून ग्रामीण डाक जीवन विमा आहे. मग मुलींची सुकन्या समृद्धी खाती आली. १ सप्टेंबर २०१८ पासून पोस्टाची पेमेंट्स बँक आली, तिच्यामुळे निराधार योजनेचे पैसे आमच्या म्हाताऱ्यांना घरबसल्या, बोट टेकवून मिळू लागले. तालुक्याला जाऊन बँकेच्या रांगेत उभं राहणं वाचलं. ही सोय फार मोठी आहे आणि ती काढून घ्या असं कुणीही म्हणणार नाही. पण ज्या दिवशी हे पैसे येतात त्या दिवशी पडवीत नऊला माणसं बसतात. रेंज नसली की डाकसेवक यंत्र घेऊन वरच्या सड्यावर जातो, रेंज मिळेल तिथे उभा राहतो, म्हातारी माणसं त्याच्या मागून हळूहळू चढतात. दुपारी तीनला तो जेवायला बसतो आणि चारला खाती उघडण्याचं टार्गेट किती झालं असा फोन येतो. यांत पाच तास कुठले?

पिनकोडचंही थोडं सांगायला हवं. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. तो ज्यांनी रचला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे मोठे पंडित. एकाच नावाची अनेक गावं आणि अनेक लिप्यांतले पत्ते, यातून सहा आकड्यांनी वाट काढली. आजही मला त्या रचनेचं नवल वाटतं. मात्र देशात पिनकोड सुमारे १९ हजार आणि पोस्टं दीड लाखाहून जास्त. म्हणजे शाखा डाकघराला स्वतःचा आकडा नाही, ते वरच्या उपडाकघराच्या आकड्यात मोडतं. परवा नातवाने मला डिजिपिन दाखवला, चार मीटर बाय चार मीटर चौकोनाचा पत्ता. आमच्या गोठ्यालाही आता वेगळा पत्ता आहे! तो पत्ता शोधून तिथवर चालत जाणार कोण, याचं उत्तर मात्र त्या दहा अक्षरांत नाही.

२०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. आमच्याकडे अजूनही “रजिस्टर आलंय” म्हटलं की माणसं हातातलं काम टाकून उठतात, कारण त्यात जमिनीची नोटीस असू शकते, मुलाचा नेमणुकीचा कागद असू शकतो. पोस्ट वेगाने पोचावं हे चांगलंच. पण राजापूरपर्यंत वेगाने आलेला कागद शेवटचे तीन किलोमीटर पावसात, साकवावरून, त्याच माणसाच्या पायांनी जातो.

आपल्याकडे मागणं असं आहे. डाकसेवकाच्या कामाचे तास पुन्हा मोजावेत आणि ते पडवीत येऊन मोजावेत, जुलै महिन्यात आणि पैसेवाटपाच्या दिवशी. बँकेचं, विम्याचं, आधारचं काम त्या मोजणीत पुरं धरावं. जिथे काम आठ तासांचं निघेल तिथे ते आठ तासांचं म्हणून मान्य करावं, निवृत्तिवेतनासकट. शाखा डाकघराला ग्रामपंचायतीत किंवा पटसंख्येअभावी बंद पडलेल्या शाळेत हक्काची खोली मिळावी. आमच्या वरच्या वाडीतली शाळा अशीच रिकामी पडली आहे, कौलं अजून धड आहेत आणि तिथे रेंजही येते. आणि खात्याच्या अहवालात पुढच्या वेळी ग्रामीण पोस्टांचा तोटा छापाल, तेव्हा शेजारी ते पंधरा टक्केही छापावेत.

आजीची तार माझ्याकडे आहे. तिच्यावरचा शेवटचा तुकडा डिसेंबर १९८१ चा, त्यावर वडिलांच्या हातच्या दोन ओळी आणि पोस्टाचा शिक्का. पैसे आणून देणाऱ्याचं नाव त्यावर कुठेच नाही.

आपली नम्र,
राजापूर तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका