सामुराईपट हे केवळ तलवारबाजीचे चित्रपट नव्हेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जागतिक चित्रपटांविषयी नुकत्याच आलेल्या लेखात जुन्या जपानी सामुराई (सरदारांच्या पदरी असलेले योद्धे) चित्रपटांची बोळवण ‘तलवारबाजीचे कृष्णधवल मनोरंजन’ अशा एका वाक्यात करण्यात आली आहे. लेख एरवी अभ्यासपूर्ण होता आणि जागेची अडचण मी समजू शकतो. तरीही ते वाक्य तसेच राहू नये, असे मनापासून वाटले म्हणून हे पत्र लिहीत आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे हे चित्रपट जगभरचे प्रेक्षक आजही पाहतात, याचे कारण तलवारबाजीत शोधू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही. त्यांतले उत्तम चित्रपट धनी गमावलेल्या, पोटाला अन्न नसलेल्या सैनिकांविषयी आहेत, आणि इभ्रतीचे नाव घेऊन बलवान घराणी दुबळ्यांशी कशी वागतात याविषयी आहेत. मुंबईच्या मराठी माणसाला हा विषय परका वाटावा असे त्यात काहीही नाही.

अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) घ्यावा. काळ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, यादवी युद्धांचा. पीक हाती आले की चाळीस दरोडेखोर गावावर तुटून पडणार, हे शेतकऱ्यांना कळते. लढणारे सामुराई आणा, असे गावातला वृद्ध गिसाकू सुचवतो. मोबदला म्हणून आपल्याकडे भाताखेरीज काय आहे, असे शेतकरी विचारतात, तेव्हा तो सांगतो, की मग उपाशी सामुराई शोधा. पुढचा सारा चित्रपट या एका सल्ल्यातून उभा राहतो. शेतकरी स्वतः वरीसारखे भरड धान्य खाऊन सामुराईंना पांढरा भात देत आहेत, हे कळल्यावर ताकाशी शिमुरा यांनी साकारलेला वयस्क कांबेई भाताचा वाडगा हातात घेतो आणि हा भात मी वाया जाऊ देणार नाही, एवढेच म्हणतो. वीरश्रीची भाषा तो करत नाही. अन्नाचे मोल जाणणारा माणूस जसा बोलेल तसाच तो बोलतो, आणि म्हणूनच त्याच्या शब्दावर आपला विश्वास बसतो.

शेतकरी मात्र बिचारे आणि निष्पाप दाखवलेले नाहीत. हरून पळणाऱ्या सामुराईंना मारून-लुटून मिळवलेली चिलखते गावात लपवलेली सापडतात, तेव्हा बाकीचे सामुराई संतापाने गप्प होतात. त्या वेळी तोशिरो मिफुने यांचा किकुचियो, जो स्वतः शेतकऱ्याचा पोर असून सामुराई म्हणून मिरवतो आहे, त्यांच्यावर तुटून पडतो. शेतकरी कंजूष आहे, लबाड आहे, भित्रा आहे, हे सगळे तो मान्य करतो आणि मग विचारतो, की त्याला असा बनवला कोणी? गावे जाळणारे, धान्य नेणारे, बायकांची विटंबना करणारे तुम्हीच ना? दोन्ही बाजूंचा अन्याय एकाच माणसाच्या तोंडून आणि तोही इतक्या उघडपणे मांडणारा प्रसंग मला युद्धपटांत क्वचितच आढळला आहे.

या चित्रपटात सातांपैकी चार सामुराई मरतात आणि ते चौघेही बंदुकीच्या गोळीने मरतात, ही गोष्ट पहिल्या वेळी पाहताना निसटून जाते. दरोडेखोरांकडे जेमतेम तीन बंदुका आहेत. क्यूझो हा त्या सातांमधला सर्वांत निष्णात तलवारबाज. त्याचा पहिला द्वंद्वाचा प्रसंग एका वारात संपतो आणि प्रतिस्पर्धी संथ गतीने कोसळतो. शेवटी त्याच क्यूझोला लपून बसलेला दरोडेखोर दुरून गोळी घालतो. आयुष्यभर कमावलेली विद्या एका यंत्रापुढे निरुपयोगी ठरते. कुरोसावांच्याच ‘योजिम्बो’मध्येही (१९६१) मिफुनेच्या तलवारीसमोर तात्सुया नाकादाई यांच्या हातात पिस्तूल आहे. ज्या चित्रपटप्रकाराला आपण तलवारीचा गौरव समजतो, त्याचे सर्वांत मोठे दिग्दर्शक तलवारीच्या अस्ताकडे इतक्या स्पष्टपणे पाहत होते.

अखेरची लढाई मुसळधार पावसात होते. कुरोसावांनी ती एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून आणि दूरदर्शी भिंगे वापरून चित्रित केली, त्यामुळे घोडे, माणसे आणि चिखल यांचा एकच गदारोळ पडद्यावर येतो आणि कोण कुठे पडले हे लढणाऱ्यांइतकेच आपल्यालाही उशिरा समजते. (‘राशोमोन’च्या वेळी पडद्यावर पाऊस नीट दिसावा म्हणून त्यांनी पाण्यात काळी शाई मिसळली होती. पाऊस हा त्यांच्या चित्रपटांत नुसती पार्श्वभूमी कधीच नसतो.) आणि लगेच पुढचे दृश्य भातलावणीचे. ढोलकाच्या ठेक्यावर गाणे चालू आहे, बाया ओळीने रोपे लावत आहेत आणि उरलेले तीन सामुराई मित्रांच्या थडग्यांपाशी उभे आहेत. जिंकले ते शेतकरी, आपण पुन्हा हरलो, असे कांबेई म्हणतो. परळ-लालबागच्या चाळींत वाढलेल्या आणि आषाढात आवणीसाठी कोकणातले गाव गाठणाऱ्या पिढ्यांना या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. कोणाची सत्ता आली आणि कोणाची गेली, तरी लावणीचा मुहूर्त टळत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

या कथेवरून हॉलिवूडने १९६० साली ‘द मॅग्निफिसन्ट सेव्हन’ काढला, आणि आपल्या ‘शोले’च्या (१९७५) मुळाशीही गावाच्या रक्षणासाठी भाड्याने आणलेल्या योद्ध्यांची हीच कल्पना असल्याचे नेहमी सांगितले जाते. ‘शोले’वर माझेही प्रेम आहे. परंतु तिथे योद्ध्यांना बोलावतो तो ठाकूर, आणि त्याला त्याचा सूड हवा आहे. जपानी चित्रपटात बोलावतात ते खुद्द शेतकरी, आणि त्यांना त्यांचे पीक हवे आहे. शेतकरी आणि सामुराई यांच्यातली जन्माची भिंतही तिथे शेवटपर्यंत पडत नाही. तरुण कात्सुशिरो आणि शेतकऱ्याची मुलगी शिनो यांचे प्रेम जुळते खरे, पण शेवटी ती त्याच्याजवळून पुढे जाते आणि लावणीच्या चिखलात उतरते. जातीच्या उतरंडीत जगणाऱ्या आपल्या समाजाला हा भाग सर्वांत जवळचा वाटायला हवा होता. रूपांतरांतून नेमका तोच गळला.

आता मासाकी कोबायाशी यांच्या ‘हाराकिरी’विषयी (१९६२) लिहितो, कारण माझ्या मते सामुराई चित्रपटांचे शिखर तेच आहे. साल १६३०. तोकुगावा शोगुनांच्या (लष्करी शासकांच्या) राज्यात शांतता आली आहे, अनेक सरदार घराणी बरखास्त झाली आहेत आणि त्यांच्या पदरी असलेले हजारो सैनिक बेकार होऊन एदो (आजचे टोकियो) शहरात भटकत आहेत. काही जण मोठ्या घराण्यांच्या दारात जाऊन, आम्हाला तुमच्या अंगणात सन्मानाने पोट चिरून मरू द्या, अशी विनंती करतात. दारात रक्त नको म्हणून घराणी त्यांना चार पैसे देऊन वाटेला लावतात. ‘ई’ नावाच्या घराण्याचा कारभारी ठरवतो, की या प्रकाराला आळा घालायचा. मोतोमे नावाचा एक तरुण येतो, तेव्हा त्याला खरोखरच मरायला लावले जाते. त्याच्या म्यानात बांबूचे पाते आहे, कारण आजारी बायको आणि तापाने फणफणलेले तान्हे मूल यांच्यासाठी त्याने खरी पाती केव्हाच विकली आहेत. एक-दोन दिवसांची मुदत द्या, मी परत येतो, अशी त्याची विनवणी कोणी ऐकत नाही. त्याच बांबूने त्याला पोट चिरायला भाग पाडतात.

हे सारे आपल्याला कळते, ते त्याचा सासरा हानशिरो त्याच अंगणात येऊन बसल्यानंतर. ही भूमिका तात्सुया नाकादाई यांनी वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी केली, यावर आवाजातला तो खोल थकवा ऐकताना विश्वास बसत नाही. मला वारंवार आठवतो तो त्याचा एक कबुलीजबाब. जावयाने बायको-मुलासाठी आपली तलवार विकली आणि माझ्या मनात मात्र ती विकण्याचा विचारही आला नाही, या निरर्थक वस्तूला मी कवटाळून बसलो, अशा अर्थाचे तो बोलतो. सामुराईचा आत्मा म्हणून पूजली जाणारी वस्तू पोराच्या औषधापुढे किती हलकी आहे, हे एका सामुराईच्याच तोंडून ऐकायला मिळते. पुढे घराण्याचे तीन नामांकित वीर त्या दिवशी आजारी का आहेत, याचा उलगडा होतो आणि इभ्रतीचे पोकळपण उघडे पडते. शेवटी हानशिरोला संपवायला बंदुका आणाव्या लागतात, आणि घराण्याच्या दप्तरात मात्र त्याच्या हातून मेलेली आपली सारी माणसे आजाराने गेल्याची नोंद केली जाते. चित्रपट त्या दप्तराच्या पानापासून सुरू झालेला असतो. आधी वाचलेले लिखाण खोटे होते, हे कळायला आपल्याला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. १९६३ साली कान महोत्सवात त्याला परीक्षक मंडळाचे खास पारितोषिक मिळाले.

गिरणगावात राहून हा चित्रपट पाहताना मला १९८२ नंतरची वर्षे आठवतात. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतले असंख्य पुन्हा गिरणीत परतलेच नाहीत. साचेखात्यात हात बसलेले विणकर, ज्यांच्या कसबाबद्दल खातेभर आदर होता, ते पुढे इमारतींच्या दारात पहारेकरी झाले किंवा पदपथावर भाजी विकू लागले. घरातली भांडी आणि सोने गेले. ज्यांच्याकडे देणी अडकली होती, त्यांच्या कागदांवर मात्र सर्व काही रीतसर होते. सामुराई आणि गिरणी कामगार यांची सामाजिक जागा सर्वस्वी वेगळी, हे मला मान्य आहे. एक राज्यकर्त्या वर्गातला आणि दुसरा राबणारा. तरीही ज्या व्यवस्थेसाठी हयात घालवली तिने एका दिवसात बिनकामाचे ठरवल्यावर माणसाचे काय होते, हा प्रश्न दोघांसाठी एकच आहे.

हे चित्रपट असे का झाले, याचे उत्तर जपानच्या इतिहासात आहे. युद्धकाळातल्या लष्करी राजवटीने सामुराईंची निष्ठा आणि मरणाची तयारी यांचा प्रचारासाठी पुरेपूर वापर केला होता. पराभवानंतर, १९४५ ते १९५२ या काळात, अमेरिकी प्रशासनाने सरंजामी निष्ठेचा व सूडाचा गौरव करणाऱ्या चित्रपटांवर निर्बंध घातले. ते उठल्यावर हा विषय ज्यांच्या हाती आला, त्यांना निष्ठेची किंमत स्वतःच्या आयुष्यात कळलेली होती. कोबायाशी मांचुरियात सैनिक होते. त्यांनी साध्या शिपायाच्या वर बढती घेण्यास नकार दिला आणि युद्ध संपल्यावर ओकिनावात युद्धकैदी म्हणून राहिले. ‘हाराकिरी’तला संताप पुस्तकांतून आलेला नाही.

याचा अर्थ प्रत्येक सामुराईपट असाच गंभीर आहे असा नाही. हिरोशी इनागाकी यांच्या रंगीत चित्रपटत्रयीतली भव्यता किंवा शिंतारो कात्सू यांच्या आंधळ्या झातोइचीची १९६२ पासून चाललेली लोकप्रिय मालिका निखळ करमणुकीसाठीही पाहावी. पण करमणुकीच्या चित्रपटांतही हा विचार डोकावतो. कुरोसावांच्या ‘सान्जुरो’त (१९६२) एक वृद्ध सरदारपत्नी नायकाला सौम्यपणे सांगते, की तू म्यानाबाहेरच्या तलवारीसारखा आहेस, खरी चांगली तलवार म्यानातच असते. शेवटच्या द्वंद्वात दोघे समोरासमोर बराच वेळ निश्चल उभे राहतात, एकच वार होतो आणि रक्ताचे कारंजे उडते. पाहणारे तरुण सामुराई भारावून त्याला दाद देतात, तेव्हा तो त्यांच्यावर चिडतो. आजच्या कोणत्या नायकाला विजयानंतर असा राग येतो?

आपल्याकडेही बाबूराव पेंटर यांच्या ‘सिंहगड’पासून (१९२३) ऐतिहासिक चित्रपटांची थोर परंपरा आहे आणि तिचा मला अभिमान आहे. तथापि १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर घोडा आणि भाला घेऊन रिकामे झालेले शिलेदार कुठे गेले, त्यांनी काय विकले, कोणाच्या दारात उभे राहिले, यावर मराठीत एखादा मोठा चित्रपट झालेला माझ्या पाहण्यात नाही. आपल्या तरुण दिग्दर्शकांनी हे जपानी चित्रपट पाहावेत असे मला वाटते, ते द्वंद्वांच्या रचनेपेक्षा या प्रश्नासाठी.

म्हणून एक सूचना. १९६८ साली स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी मुंबईकरांना जगाचा सिनेमा दाखवला, हे ऋण मोठे आहे. ‘सेव्हन सामुराई’ची नव्याने स्वच्छ केलेली प्रत २०२४ साली कान महोत्सवात दाखवली गेली. शहरातल्या सोसायट्यांनी आणि राज्याच्या सांस्कृतिक विभागाने मिळून असे चार-पाच चित्रपट मोठ्या पडद्यावर आणावेत, आणि ते मराठी उपशीर्षकांसह आणावेत. इंग्रजी उपशीर्षके भरभर वाचता येत नाहीत, एवढ्याच कारणाने गिरणगावातले किती तरी जाणते प्रेक्षक या चित्रपटांपासून दूर राहिले आहेत. जपानी भाषा शिकलेले मराठी तरुण मुंबई-पुण्यात आज पुष्कळ आहेत. भाषांतर इंग्रजीवरून न करता त्यांच्याकडून थेट जपानीवरून करून घ्यावे. ‘सेव्हन सामुराई’ परदेशी वितरणासाठी पूर्वी बराच कापला गेला होता, तेव्हा तो २०७ मिनिटांचा पूर्ण दाखवावा; मध्यंतर मूळ चित्रपटातच आहे, त्यामुळे लांबीची सबब उरत नाही. कोणी संस्था हे काम हाती घेणार असेल, तर उपशीर्षकांचे मराठी तपासण्यासाठी मी विनामोबदला वेळ देईन. आपल्या दैनिकाने या सूचनेला जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
परळ, मुंबई