जुनी गिटार घेताना नुसता आवाज ऐकू नका

संपादक महोदय,

जून उजाडला की गिटारचे क्लास सुरू होतात आणि सेकंडहँड गिटारींची शोधाशोधही. आम्ही फोंड्याचे, गेल्या वर्षी मे महिन्यात मुलीसाठी एक जुनी ड्रेडनॉट घेतली, आवाज एकदम भरदार होता म्हणून दुसरं काही बघितलंच नाही. जुलैत पाऊस लागला आणि तारा इतक्या वर आल्या की पोरीची बोटं सोलून निघाली, मग कळलं की ब्रिज, म्हणजे तारा जिथे अडकवतात तो फळीवर चिकटवलेला लाकडी तुकडा, मागच्या बाजूने उचलला गेलाय. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, घेतली तेव्हा चांगली होती ना!

ड्रेडनॉट म्हणजे ती मोठ्या पोटाची, रुंद कमरेची गिटार, मार्टिन कंपनीने १९१६ साली डिटसन कंपनीसाठी पहिल्यांदा बनवली आणि नाव दिलं ब्रिटिश युद्धनौकेचं. सहा स्टीलच्या तारा मिळून साधारण ७० किलोचा ताण ब्रिजवर सतत असतो, वरची फळी मात्र जेमतेम तीन मिलिमीटर जाड. अशा गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे पावसात ती ८५ च्या वर जाते, म्हणजे लाकूड फुगणार, पोट वर येणार, डिंक सैल पडणार.

म्हणून सांगते, बघायला जाताना एक सरळ पट्टी, टॉर्च आणि कागदाचा तुकडा घेऊन जा. पट्टी नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावरच्या, फ्रेटवर (धातूच्या आडव्या रेघांवर) उभी धरून ब्रिजकडे सरकवा, ती ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकली तर नेकचा कोन ठीक, खाली आपटली तर सावध व्हा. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार फ्रेटपासून अडीच मिलिमीटरच्या आसपास उंच असावी. ती चार असेल तर विकणारा म्हणेल सॅडल (ब्रिजवरचा पातळ तुकडा, ज्यावर तारा टेकतात) घासून खाली करू, पण सॅडल आधीच घासून संपलेला असेल तर आता नेक काढून परत बसवावा लागणार, आणि स्वस्त गिटारच्या बाबतीत त्या कामाचा खर्च गिटारच्या किमतीच्या वर जातो. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली सळई, फिरवून हे सुटत नाही, त्याने फक्त नेकचा बाक कमीजास्त होतो, कोन नाही, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. ब्रिजच्या कडेखाली कागद शिरला तर डिंक सुटलाय. ब्रिजमागे फळी थोडी फुगलेली असली तर घाबरू नका, तेवढं चालतं.

टॉर्च आत मारून फळीला आतून चिकटवलेल्या आधाराच्या लाकडी पट्ट्या सुटल्यात का बघा, फळीवर बोटाने टकटक करा, खुळखुळ आली तर आतलं काहीतरी सैल आहे. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, अगदी प्रत्येक. वेळ लागतो पण लागू दे.

विकणाऱ्यांना मनापासून विनंती की घेणाऱ्याला अर्धा तास द्या आणि गिटार कुठे ठेवली होती ते खरं सांगा, एसीच्या खोलीतून दमट खोलीत आणि परत एसीत असं वर्षानुवर्षं झालं असेल तर लाकडाला तडे जाऊ शकतात.

आमची गिटार तारा सैल करून ठेवलीय, मुलगी सध्या मैत्रिणीची मागून वाजवते. येत्या रविवारी म्हापशाला दुसरी बघायला जातोय, पट्टी पिशवीत टाकून ठेवलीय.

एक पालक, फोंडा