विषय: तुमच्या कार्बोरेटर किटमधलं बेस गॅस्केट (कार्बोरेटरच्या बुडाखालचं पॅकिंग) हवा ओढतंय आणि तुम्ही गाडीला नावं ठेवताय

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय, त्यामुळे भाषा कडक वाटली तर वाटू दे. मारुती 800 साठी तुमचं कार्बोरेटर रिपेअर किट घेतलं होतं, गाडी 1994 ची, 796 सीसी, एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणारी सिस्टिम, यायच्या आधीची. किट बसवलं त्या दिवसापासून आयडलिंग वरखाली, मिसिंग, सिग्नलला क्लच दाबला की इंजिन बंद. दाभोळकर कॉर्नरला मागून बसवाला हॉर्न बडवतोय आणि मी स्टार्टर मारत बसलोय.

तुम्ही हाच धंदा करता, त्यामुळे थ्रॉटलच्या (कार्बोरेटरमधल्या हवेच्या झडपेच्या) खालून चोरून हवा आत गेली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या फोनवरच्या लोकांना मात्र सांगायला लागतंय. थोडा चोक ओढून पेट्रोल वाढवलं की गाडी शहाण्यासारखी चालायची, रेस दिली की त्रास जायचा. आयडलिंगला पेट्रोल सोडणाऱ्या आयडल जेटमध्ये कचरा असला तरी असंच होतं, म्हणून आधी जेट काढून हवा मारली, त्याच्या सोलेनॉइडला (विजेवर उघडणाऱ्या झडपेला) करंट येतोय का बघितलं, फरक शून्य. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या अॅडव्हान्सचा पाइप काढून, हवा तिथून शिरतेय का म्हणून तोंडावर बोट धरून बघितलं, पाइप तर सगळे नवीनच आहेत. पीयूसीवाल्याकडं सीओ कमी आणि एचसी (न जळलेलं पेट्रोल) वर, म्हणजे मिश्रण पातळच. इंजिनची ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज लावलं तर काटा पाऱ्याच्या 13 इंचांवर थरथरतोय. चांगल्या इंजिनला आयडलवर 17 ते 21 पाहिजे, आता कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, हवा थोडी विरळ, म्हणून इंच-दोन इंच सोडून दिले तरी 13 कुठल्याच हिशोबात बसत नाही.

मग क्लीनरचा बारीक फवारा कार्बोरेटरच्या बेसच्या कडेकडेनं मारला. तीन बाजूंना काही नाही, मागच्या कोपऱ्यात मारला आणि इंजिन लगेच चढलं, म्हणजे फवारा तिथूनच आत ओढला जातोय. खोललं. तुमचं गॅस्केट जुन्यावर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरलं तर एक भोक चक्क सरकलेलं, बोल्टच्या बाजूला नखाएवढी पट्टी उरलीय आणि ती पण चिरलेली. फ्लँज (गॅस्केटवर बसणारी कार्बोरेटरची कड) वाकडी म्हणाल, तर ती उद्यमनगरात एकदम सपाट सरफेस प्लेटवर ठेवून बघितलीय, फट मोजायच्या फीलर गेजचं सगळ्यात पातळ पान पण जात नाही. शेवटी मिस्त्रींनी शीट घेऊन कात्रीनं गॅस्केट कापलं, चहा गार व्हायच्या आत काटा 17 वर आणि गाडी ओके. म्हणजे कात्रीनं कापलेलं बसतं आणि तुमच्या डायवर कापलेलं बसत नाही, वर पाकिटावर प्रिसिजन लिहिलंय.

आता तुमच्या कस्टमर केअरचं ऐका. सगळं वर लिहिलंय तसं सांगितल्यावर पलीकडून प्रश्न, "सर, एरर कोड काय दाखवतोय?" म्हटलं कार्बोरेटरची गाडी आहे. "हो सर, पण स्कॅनरचा रिपोर्ट अपलोड केल्याशिवाय तिकीट पुढं जात नाही." म्हटलं अहो, ईसीयूच, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच नाही तर स्कॅनर लावू कुठं, रेडिओला? मग बराच वेळ ते म्युझिक. परत आले, "सीनियरशी बोललो सर, ओबीडी पोर्टचा फोटो पाठवा, स्कॅनर तिथंच लागतो, स्टिअरिंगच्या खाली असतो." म्हटलं पोर्ट नाही, चोकचा नॉब आहे, त्याचा पाठवू का? "चालेल सर." चालेल म्हणतात! मी पण पाठवला. संध्याकाळी मेसेज, पोर्ट स्पष्ट दिसत नसल्यामुळे तक्रार बंद करण्यात येत आहे. धन्य आहे तुमची.

आज परत फोन केला तर वेगळा माणूस, त्याचा सल्ला काय, तर "सर एवढी जुनी गाडी, एक्सचेंजला टाका ना." गाडीचं रजिस्ट्रेशन आरटीओनं रिन्यू करून दिलंय, तुम्ही कोण टाका म्हणणारे? आणि जुन्या गाड्या सगळ्यांनी एक्सचेंजला टाकल्या तर तुमचं हे किट कोण घेणार, इलेक्ट्रिकवाले? पैसे परत मागितले तर म्हणे पाकीट उघडलंय. न उघडता कसं बसवतात ते तुमच्या इंजिनिअरनं एकदा येऊन दाखवावं. आणि पुन्हा एकदा लिहितो, कार्बोरेटरच्या गाडीला एरर कोड नसतो. नसतो. कार्बोरेटरचं सामान विकणाऱ्या कंपनीला हे ग्राहकानं सांगायचं म्हणजे कमाल आहे. पूर्वी तुमचं सामान डोळे झाकून घ्यायचो, मिस्त्री पण तुमचंच नाव घ्यायचे, आता ते पाकीट बघूनच हसतात.

किटचे आणि दोनदा खोलायच्या मजुरीचे पैसे पाहिजेत, आणि त्या बॅचची गॅस्केट दुकानांतून उचला, कारण बाकीचे लोक बिचारे प्लग आणि कॉइल बदलत बसले असतील. आठ दिवस वाट बघतो. नाहीतर आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात, 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी पण लागत नाही. गॅस्केट, बिल आणि तो बंद केल्याचा मेसेज जपून ठेवलाय. गॅस्केट कुरिअरनं मागवू नका, मी देणार नाही, बघायचं असेल तर माणूस पाठवा, आणि त्याला स्कॅनर घरी ठेवून यायला सांगा.