शेवटच्या मोहिमेचा तक्ता लावणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

मास इफेक्ट २ या व्हिडिओ गेमच्या शेवटच्या मोहिमेत साथीदारांपैकी 'ताली का मेली?' हे भांडण नवी पेठेतल्या तुमच्या गेमिंग पार्लरमध्ये मराठीत सुरू व्हायचं आणि रंगात आलं की तेलुगूत जायचं. लेखकांनी तिला मुद्दाम मारलं, असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूच्या मते सगळा नशिबाचा खेळ. कुणाला कुठे नेमलं की कोण वाचतं, याचा तक्ता तुम्ही काउंटरमागे चिकटवलात आणि दोन्ही बाजूंची बोलती बंद झाली. त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून जाहीर आभार.

२०१० साली आलेल्या मास इफेक्ट २ च्या शेवटी नायक शेपर्ड दोन साथीदारांना घेऊन शेवटच्या बॉसशी लढायला पुढे जातो आणि उरलेले मागे खिंड लढवतात. या उरलेल्यांची सरासरी गेम गुपचूप काढतो, हे तुमच्या तक्त्यामुळे कळलं. लॉयल्टी मिशन (त्या साथीदाराचं वैयक्तिक काम) झालेलं असेल तर ग्रंट, गॅरस, झाईद यांचे प्रत्येकी ४ गुण. मिरांडा, जेकब, थेन, समारा, लीजन यांचे २. जॅक, मॉर्डिन, कासुमी आणि ताली यांचा फक्त १. पाच किंवा जास्त जण मागे असतील आणि सरासरी २ च्या खाली गेली नाही, तर कुणालाच काही होत नाही.

आता आपल्याकडची आवडती चूक बघा. गॅरस आणि ग्रंट तगडे म्हणून दोघांनाही बॉसवर न्यायचं. झाईद-कासुमी नसलेल्या टीममध्ये मॉर्डिनला सोडवलेल्या क्रूबरोबर जहाजावर परत पाठवलं की मागे सात जण उरतात आणि बेरीज होते १२. सरासरी १.७१, म्हणजे एक जण जाणार. मरणाचा क्रमही ठरलेला: आधी मॉर्डिन, मग ताली. मॉर्डिन परत गेलेला, म्हणून पाळी तालीची. त्याऐवजी ताली आणि जॅकला सोबत घ्या. तेच सात स्लॉट, बेरीज १८, सगळे जिवंत. दगा ना लेखकाचा, ना नशिबाचा.

तक्त्याचा बाकीचा भाग सरळ होता: चिलखत, शील्ड, थॅनिक्स तोफ ही जहाजाची तिन्ही कामं आधी उरकायची, पाइपात ताली, लीजन किंवा कासुमी, दोन्ही वेळा तुकडीचा म्होरक्या गॅरस, जेकब किंवा मिरांडा, बायोटिक कवचाला जॅक नाहीतर समारा. आयएफएफची (शत्रूच्या जहाजाची ओळख-यंत्रणा मिळवण्याची) मोहीम मात्र सगळ्यात शेवटी ठेवा, ही तुमची लाल शाईतली ओळ लाखमोलाची. तिथे मिळालेल्या यंत्रमानव लीजनला लगेच चालू करायचं, त्याचं मिशन उरकायचं आणि क्रू पळवला गेला की दुसरं काहीही न करता थेट ओमेगा-४ रिले, म्हणजे शेवटच्या मोहिमेचं दार. मध्ये एखादं मिशन घेतलं तरी अर्धा क्रू गेलाच म्हणून समजा.

पण खरे आभार तुमच्या दुसऱ्या मुद्द्यासाठी. दुसऱ्या भागात कुणीही मरू शकतं, म्हणून तिसऱ्या भागात कथेचा भार कुणावरच टाकता येत नाही, असं तुम्ही म्हणालात. २०१२ चा मास इफेक्ट ३ पुन्हा या नजरेनं पाहिला की बदली खेळाडूच दिसायला लागतात. मॉर्डिन नसेल तर पॅडोक विक्स, लीजन नसेल तर गेथ व्हीआय, पहिल्याच भागात रेक्स गेला असेल तर रीव्ह. दुसऱ्या भागातल्या बारा जणांपैकी टीममध्ये परत येतात ते फक्त गॅरस आणि ताली. आणि तालीची बदली होते तिथे दुखतं. ती किंवा लीजन नसेल तर रॅनॉक ग्रहावर क्वेरियन (तालीची जमात) आणि गेथ (लीजनची यंत्रजमात) यांच्यात समेट होतच नाही. दोघं असूनही आधीच्या निर्णयांतून पाच गुण जमवावे लागतात, शिवाय क्वेरियन ॲडमिरल कोरिसची आणि गेथ फायटरची अशा दोन्ही मोहिमा आधी उरकावी लागतात. बॉसवर कुणाला नेलं याची किंमत अख्खी जमात मोजते! २०१२ च्या शेवटावरून एवढा गदारोळ झाला, तरी सीक्वेल लिहिण्यातला असा धीटपणा आम्हाला दुसरीकडे फारसा दिसलेला नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं तुमच्याशी अजून जमत नाही. शेपर्डला सुरुवातीलाच मारून दोन वर्षांनी सर्बेरस या संघटनेच्या हाताखाली उठवणं तुम्हाला धाडस वाटतं. आम्हाला ती पळवाट वाटते. पहिल्या भागात ज्यांचे अघोरी प्रयोग आपण स्वतः बंद पाडले, त्यांच्या जहाजावर शेपर्ड जवळजवळ विनातक्रार चढतो. ठाम नकार देणारा एक तरी पर्याय संवादात हवा होता.

जाता जाता एक मागणी. तक्त्यात मेलॉनच्या डेटाची, म्हणजे क्रोगन जमातीच्या वंध्यत्वावरच्या त्याच्या संशोधनाची, ओळ वाढवा. तो नष्ट केला तर तिसऱ्या भागात क्रोगन स्त्री ईव्ह जगत नाही. पण क्रोगनांचा नेता रीव्ह असेल, तर त्याच कारणानं मॉर्डिनला जीव देऊन उपचार सोडण्यापासून थांबवून वाचवता येतं. यावरून पुढचं भांडण आधीच सुरू झालंय.

तुमचे,
मागच्या बाकावरचे सगळे