रात्रीच्या गाडीत मागे बसायला माणूस हवा

चोपडेकरांनो आणि आजूबाजूच्या गावांतल्या भावा-बहिणींनो,

गेल्या श्रावणात रात्री दोनला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून फोन आला. खाली अंथरुणावर झोपलेल्या बाईला मण्यार चावली होती. 108 ची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, म्हणून आपली रुग्णवाहिका निघाली. पुढे आमचा ड्रायव्हर एकटा, मागे तिचा नवरा एकटा. अर्ध्या वाटेत तो ओरडला, "भाऊ, हाई डोया उघाडत नही!" ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवली, मागे जाऊन तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला आणि पुन्हा स्टिअरिंग धरलं. बाई वाचली. पण ते दोन थांबे आम्हाला अजून झोपू देत नाहीत.

आपल्याकडे गाडी आहे, ड्रायव्हर आहे. मागे बसणारं माणूस नाही.

या कामाला डॉक्टर लागत नाही. ऑक्सिजनचा मास्क नीट बसलाय का पाहायचं, श्वास मोजायचा, उलटी झाली तर कुशीवर वळवायचं, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरायचं. सर्पदंशात चावल्याची वेळ लिहून ठेवायची. पापण्या जड होतात का, बोलणं अडखळतं का, यावर नजर ठेवायची. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू हळूहळू लुळे पडतात, आणि दंश इतका बारीक की कित्येकदा तो दिसतही नाही. कापणं, चोखणं, दोरीने आवळणं, हे घरच्यांना करू द्यायचं नाही. छातीवर दाब देणं आम्ही पुतळ्यावर शिकवतो: मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल. दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणूनच रात्रीला दोघं लागतात.

सात रात्री, प्रत्येकी दोघं, म्हणजे चौदा जण. आज आम्ही पाच आहोत. आठवड्याची एक रात्र द्या, एवढंच मागणं. बायाबापड्यांनी तर जरूर यावं. कळा सुरू झालेल्या पोरीजवळ परका पुरुष बसला की ती बिचारी दुखतंय हेही सांगत नाही. आणि पावरी बोलणाऱ्या मुलामुलींनो, तुमची खास गरज आहे. पाड्यावरची म्हातारी आपल्या बोलीत जे सांगेल ते आम्हाला अर्धंच कळतं.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या अपघातात हात लावायला पुष्कळ जण कचरतात, पोलिसांचं लचांड नको म्हणून. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134-अ आलं आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. घरच्यांना हे समजावून सांगा.

पैसे देणाऱ्यांचेही आभारच. डिझेल आहे, सिलिंडर भरणं आहे. पंधराशे लिटरचा छोटा सिलिंडर मिनिटाला दहा लिटरने अडीच तासांत संपतो. जुन्या धुतलेल्या सुती चादरीही चालतील. पण चादरींआधी माणसं हवीत.

फोन आधी 108 लाच करा. ती सेवा मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. ती गाडी गुंतलेली असेल तेव्हा आपण.

गाडी उभी असते तिथे रोज संध्याकाळी 7 ते 9 आमच्यापैकी कुणीतरी असतंच. वय अठराच्या पुढे असावं. येताना आपल्याला कोणती रात्र जमेल, ते घरी विचारून या. कापूस वेचणीच्या दिवसांत मंगळवार आणि शनिवारच्या रात्री पार मोकळ्या आहेत.