जाइल्स गप्प का राहिला?

दापोली,
श्रावण

प्रिय सुधा,

तब्येत ठीक. गुडघे पावसाळ्यात दुखायचे तसे दुखतायत, ह्यांची शुगर आटोक्यात आहे. झालं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते.

गेल्या आठवड्यात अण्णा आले होते. त्यांच्या केतकीचं लग्न ठरल्यात जमा आहे. मुलगा बंगळूरचा, तिच्याच कंपनीतला. साखरपुडा तेवढा व्हायचाय. मी हातावर साखर ठेवली, देवापुढे दिवा लावला. मग अण्णा आमच्या मंदारला म्हणाले, ‘‘केतकीच्या मनात आहे की पाहुण्यांना नारळाऐवजी हापूसचं एकेक कलम द्यावं. तुझ्याकडचीच हवीत म्हणते. तीनशे होतील ना रे?’’ हा म्हणाला, ‘‘होतील की. आणि पैशांचं काढू नका काका, ती माझ्याकडून.’’ एवढं बोलून सगळ्यांचे कप गोळा केले आणि आत गेला. मी समोर बसले होते. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही गं त्याची.

हे म्हणाले, ‘‘पोरगा मोठ्या मनाचा आहे.’’ दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तोही हेच म्हणेल. म्हणून कुणाला सांगितलं नाही, तुला लिहितेय. कारण हार्डीची ‘द वुडलँडर्स’ ही कादंबरी तू पाठवलीस, आणि अण्णा आले तेव्हा मी नेमकी तिचा नायक जाइल्स झोपडी सोडून पावसात निजायला जातो तिथं येऊन ठेपले होते. (तुझी प्रत असल्यामुळे त्या पानावर हळदीचं बोट आहेच. पुस्तक फोडणीजवळ न्यायची तुझी खोड बडोद्याला जाऊनही गेली नाही म्हणायची!)

कोल्हापूरला आपण हार्डीच्याच ‘टेस’वर भांडलो, ‘ज्यूड’वर रडलो. हे मात्र सिलॅबसला नव्हतं म्हणून राहूनच गेलं. १८८७ चं पुस्तक, ‘टेस’च्या चार वर्षं आधीचं. उतारवयात हार्डी म्हणाला होता की गोष्ट म्हणून आपल्याला हीच सर्वांत आवडते. वाचल्यावर मला ते पटलं. बाकीच्या कादंबऱ्यांत कुणीतरी मोठ्यानं कोसळतं. इथं लिटल हिंटॉकच्या जंगलात माणसं झाडं लावतात, साली सोलतात, सफरचंदं गाळतात, आणि त्या कामाच्या गडबडीत एकाचं आयुष्य हातातून निसटून जातं.

मंदार रोपवाटिकेत असतो तेव्हा तू त्याला पाहिलं नाहीस. सध्या कोयकलमांचे दिवस आहेत. कोवळा, तांबूस खुंट छाटायचा, मधोमध चीर द्यायची, कलमकाडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप घेऊन ती त्यात बसवायची आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. इतरांची दहातली तीन-चार मरतात, ह्याची क्वचित. जाइल्सचंही तसंच होतं. तो रोप लावताना मुळं बोटांनी अलगद पसरवतो आणि त्याचं रोप जगतं. मनातून त्याच्यावर जीव असलेली गावातली गरीब मार्टी त्याला रोपं धरून देते. ती म्हणते, आडवी असतात तोवर गप्प असतात, उभी केली रे केली की सुस्कारायला लागतात. हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

तर जाइल्सचा जिच्यावर जीव, ती ग्रेस शिकून परत येते. बापानं, त्या मेल्बरीनं, पोटाला चिमटा काढून तिला चांगल्या शाळेत घातलेलं. जाइल्स तिला आणायला बाजारात उभा, हातात दहा फुटी सफरचंदाचं झाड! येताना तो तिला बागेतली सफरचंदं दाखवतो, ती भलत्याच बागेकडे बघत हो म्हणते. लहानपणी जी तिला नावानिशी ठाऊक होती तीच आता ओळखू येत नाहीत. त्याच्या घरच्या जेवणाचा प्रसंग वाचताना तर मी आधी हसून हसून लोळले. जाइल्सचा गडी क्रीडल रस्सा ओतताना ग्रेसच्या तोंडावर शिंतोडे उडवतो, तिच्या ताटातल्या भाजीत गोगलगाय निघते, आणि पाहुणे गेल्यावर तो मालकाची समजूत काढतो की ती चांगली शिजलेली होती, जिवंत गोगलगाय मी कुणाच्या ताटात जाऊ देणार नाही! हसले आणि मग पोटात कालवलं. कारण जाइल्सला त्याच रात्री कळून चुकतं की आता काही खरं नाही.

मेल्बरीचा मला राग येत नाही, हे तुला आवडणार नाही. ह्या माणसानं तरुणपणी जाइल्सच्या बापाची ठरलेली मुलगी डाव टाकून मिळवलेली असते. त्याची भरपाई म्हणून मुलगी जाइल्सला द्यायची असं तो मनाशी धरतो, आणि मग तिला इतकं शिकवतो की द्यायला जीव होत नाही. अण्णाही केतकी दहा वर्षांची असताना ‘ही मंदारची’ म्हणायचेच की सगळ्यांदेखत. आता म्हणत नाहीत. त्यांना मी कुठल्या तोंडानं दोष देऊ? स्वतः बागायतदार असून मुलीला चिखलात द्यायची नाही म्हणणारे गावोगाव आहेत. आमच्या पंचक्रोशीत पस्तिशी ओलांडलेली, शेती करणारी, निर्व्यसनी मुलं मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरायची नाहीत.

त्यात जाइल्सची घरं जातात. ती म्हाताऱ्या जॉन साउथच्या आयुष्यावर बांधलेली, तो आहे तोवर घरं ह्याची, तो गेला की जमिनीच्या मालकिणीची. म्हाताऱ्याला वाटतं दारातलं झाड आपल्या अंगावर पडणार. डॉक्टर फिट्झपायर्स म्हणतो, तोडा. तोडतात, आणि सकाळी झाड जागेवर नाही हे बघून म्हातारा हबकतो, त्या धक्क्यानंच जातो. तो डॉक्टर तुला टेसच्या नवऱ्यापेक्षा, त्या एंजलपेक्षाही चीड आणेल. तत्त्वज्ञान वाचतो आणि दिसेल तिच्या मागे जातो. ग्रेसचं लग्न त्याच्याशीच होतं.

आता मला झोप लागू देत नाही ती जागा सांगते. घरं गेल्यावर मार्टी जाइल्सच्या भिंतीवर कोळशानं दोन ओळी लिहिते, की घर गमावलंस, आता ग्रेसही गमावशील. ग्रेस येऊन वाचते आणि ‘गमावशील’ पुसून तिथं ‘राखशील’ करते. सुधा, पोरीनं याहून काय करायचं? आणि हा मात्र आधीच तिच्या बापाला पत्र लिहून तिला मोकळी करून बसलेला. तो बदललेला शब्द कुणाचा, हे त्याच्या ध्यानातसुद्धा येत नाही.

केतकीनं कलमंच का मागितली? बाजारात चांदीच्या वाट्या मिळतात, पितळी समया मिळतात. आणि मंदारकडचीच का? ‘हल्ली अशी फॅशनच आहे’ असं हे म्हणतात. असेलही. तिला त्याचा धंदा व्हावा असं वाटलं असेल, सरळ साधं. पण भिंतीवरचा शब्द असला तर? आणि माझा मुलगा पैसे नकोत म्हणून कप उचलून आत गेला!

तू म्हणशील, हार्डीच्याच ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’मधला गेब्रिएल ओक पण थांबलाच की. थांबला. पण ओक चौथ्या प्रकरणातच बाथशेबाला तोंडावर विचारतो, ती नाही म्हणते, तो ऐकून घेतो. पुढे ती चुकते तेव्हा तिला चुकलीस म्हणतो आणि नोकरी गमावतो. शेवटी मी चाललो म्हणून सांगतो तेव्हा तिचीच पाचावर धारण बसते. जाइल्स कधीच नीट विचारत नाही. मग उशीर झाल्यावर मेल्बरी नव्या कायद्याच्या आशेनं लंडनला धावतो. १८५७ चा तो कायदा, नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे, बायकोला मात्र वर क्रूरपणा किंवा टाकून जाणं असलं काही दाखवावं लागे. ग्रेसला काडीमोड मिळत नाही. हे जाइल्सला तिच्या आधी कळतं, तरी न सांगता तो तिला जवळ घेतो. जन्मात तेवढी एक लबाडी. मला त्या एका क्षणी तो सर्वांत आवडला, आणि हार्डी त्याला लगेच त्याची शिक्षा देतो. फिट्झपायर्सला टाळून ती पळून येते, हा झोपडी तिला देतो, अंगात ताप असताना कुडाच्या आडोशाला पावसात पडून राहतो, लोक तिला नावं ठेवतील म्हणून! ती शेवटी हाक मारते तेव्हा तो भ्रमात गेलेला असतो.

सगळे समीक्षक त्याला उदात्त म्हणत असतील. मला नाही म्हणवत. मी आई आहे.

मार्टीचं शेवटचं बोलणं तू अधोरेखित केलंयस. ग्रेस नवऱ्याकडे परत जाते, मार्टी एकटी थडग्यापाशी उभी राहून म्हणते की आता तू माझा, फक्त माझा. तुला ते का लागलं ते मला ठाऊक आहे. म्हणून तर तुला विचारतेय. (आमच्याकडे कुणी मार्टी आहे का हे मी बघून आले. रोपवाटिकेत पिशव्या भरायला दोघीजणी येतात, दोघींना नातवंडं आहेत.)

पन्हाळ्यावर तू म्हणाली होतीस, ‘‘वसंताला सांगितलं नाही म्हणून निदान नाही तरी ऐकावं लागलं नाही.’’ त्या दिवशी मी चिडून एकटीच गड उतरले. राग अजून गेलेला नाही. तरी आता नीट सांग, त्या वेळी मी परस्पर जाऊन वसंताशी बोलले असते तर तुला चाललं असतं का? जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतंस, की आज बरं वाटलं असतं? केतकी रविवारी येतेय, कलमं बघायला. मंदार नेमका त्या दिवशी खेडला काम काढून बसलाय. तिच्यासोबत बागेत मी जाणार. विचारू का तिला? की मंदारला आधी सांगू की मला कळलंय? मुलगा तिशीचा आहे, त्याच्या मनात आईनं हात घालावा का, हेच मला ठरवता येत नाही.

भाऊजी रिटायर होऊन काय करतात? नातीचं बारसं कधी? डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. आंबोशी पाठवलीय, उन्हं दाखव.

फोन करू नकोस, मंदार संध्याकाळी घरातच असतो आणि तुझा आवाज ओटीपर्यंत येतो. स्पीड पोस्टनं लिही, शनिवारपर्यंत मिळेल असं.

तुझी,
शारदा